परत पाठवा

चाळिशी उलटल्यावर मी सायकल घेतली, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी ठरवूनच टाकलं की मला डॉक्टरने सांगितलं असणार. कोणी सांगितलं नव्हतं. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होते, दिवसभर लोकांचं रक्त काढायचे, आणि रविवारी मला कोणाचाही दंड धरायचा नसायचा. म्हणून सायकल. मीरा रोडहून निघायचं, काशीमिऱ्याला हायवेला लागायचं, घोडबंदरचा चढ चढून परत यायचं. वर्षभर हेच केलं. मग वाटलं, एक अख्खा दिवस जावं.

खाडीवरचा पूल ओलांडला की हायवेच्या उजव्या हाताला डोंगर सुरू होतात. त्यातल्या एकावर कच्ची वाट चढते आणि जंगलातून पलीकडच्या बाजूला उतरते. तिथून डोंगराला वळसा घालून परत हायवे. आदल्या दिवशी मी नवऱ्याला हे कागदावर काढून दाखवलं. तो म्हणाला, "जा की. डबा घे मात्र."

डिसेंबरातला रविवार होता. सकाळी माझ्याआधी तोच उठला. चाकांत हवा भरली, सायकल लिफ्टमध्ये उभी करून दिली. हे मुद्दाम सांगतेय. माझा नवरा बायकोला डांबून ठेवणारा माणूस नाही, कधीच नव्हता. तसा असता तर मला त्या दिवशी इतका राग आला नसता.

आठच्या सुमाराला मी डोंगराच्या पायथ्याशी पोचले. वाटेवर आडवा बांबू होता आणि शेजारी वनखात्याची चौकी. आतून खाकी कपड्यांतला एक माणूस आला, पन्नाशीचा, अगदी सभ्य.

"ताई, मागून कोण येतंय?"

"कोणी नाही."

"एकट्याच?" त्याने माझ्या मागच्या रस्त्याकडे बघितलं. "मिस्टरांना माहीत हाय?"

"आहे की."

"मग त्यांच्याशी बोलणं करून द्या. उद्या काय झालं तर मलाच विचारतील."

इथे माझं चुकलं. मी हसले. मला इतकी खात्री होती, की मीच माझ्या मोबाइलवरून घरी फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. मला त्याचं एकट्याचंच बोलणं ऐकू येत होतं. "साहेब, चौकीवरून बोलतोय. तुमच्या मिसेस हायेत इथं... हो, एकट्याच. बाईमाणसाला असं एकटं सोडलंत, म्हणून म्हटलं विचारावं... हो... बरोबर हाय तुमचं... हो हो."

तेवढ्यात मोटरसायकलवरून दोन पोरगेले बाप्ये आले. मागच्याच्या मांडीवर पिशवी होती, तिच्यात बाटल्या वाजत होत्या. चौकीवाल्याने फोन कानाशी धरूनच दुसऱ्या हाताने बांबू वर केला. ते गेले. बांबू खाली आला.

मग त्याने फोन मला दिला. "साहेब म्हणाले, परत पाठवा."

मी फोन कानाला लावला. "तू काय म्हणालास त्याला?"

"अगं, तो म्हणतोय रिस्क आहे. ये ना घरी. मी इडल्या आणून ठेवतो."

मी फोन बंद केला. नुसता कट नाही, बंदच. चौकीवाला म्हणाला, "बरं झालं ताई, विचारलं ते." बोलले असते तर रडले असते, आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं. सायकल वळवून हायवेला आले. डावीकडे घर होतं. मी उजवीकडे वळले.

जंगलात पलीकडून शिरायला डांबरी रस्ता होता, त्याला चौकी-बिकी काही नव्हती. तासाभराने मी त्या रस्त्यावर होते. दोन्ही बाजूंना साग, त्याची मोठाली धुळकट पानं, मध्येच एखादं ऐनाचं झाड. इतक्या दिवसांपासून हे बघायचं मनात होतं आणि मी काहीच बघत नव्हते. चढावर उभी राहून पायडल मारत होते आणि मोठमोठ्याने भांडत होते. इडल्या आणून ठेवतोस? मला परत पाठवा? मी काय चुकीच्या पत्त्यावर आलेलं कुरियर आहे? मग शिव्याही दिल्या. लॅबमध्ये पेशंटच्या तोंडून ऐकलेल्या, स्वतः कधी न उच्चारलेल्या. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून आणखी दिल्या.

एका वळणावर एक आदिवासी बाई रस्त्याच्या कडेला बसली होती, माझ्याच वयाची. शेजारी लाकडांची मोळी. मला बघून ती उठली.

"एकलीच हाईस का?"

माझं डोकंच फिरलं. "हो, एकटीच! मग? तूही एकटीच आहेस ना?"

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "तेच तं. कवाची बसलेय, मोळी उचलाया दुसरं मानूसच न्हाय. ये, हात लाव."

मी सायकल आडवी टाकली आणि हात लावला. मोळी इतकी जड होती की तिच्या गुडघ्यांपर्यंत येईस्तोवरच माझे दंड थरथरायला लागले. दुसऱ्या झटक्यात तिने ती डोक्यावर घेतली, मान सरळ केली आणि उताराला लागली. मला माफी मागायची होती, पण ती थांबलीच नाही. डोक्यावर एवढं ओझं घेऊन कोण थांबणार? मी तिथेच बसून डबा खाल्ला. मला स्वतःची लाज वाटली, पण नवऱ्यावरचा राग तिळभरही कमी झाला नाही.

दुपारी चारला घरी पोचले. बेल वाजवायच्या आत त्याने दार उघडलं. "फोन का बंद? मी किती घाबरलो माहितेय?"

"काल हो म्हणालास. सकाळी हवा भरून दिलीस. मग त्याला का नाही सांगितलंस, की मला माहीत आहे, जाऊ दे तिला?"

तो खुर्चीवर बसला. "तो म्हणाला, बाईमाणसाला एकटं सोडलंत. असा म्हणाला की... मला कसंतरीच झालं. जाऊ दे म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं, हा कसला नवरा."

"म्हणजे ज्याला तू कधी बघितलं नाहीस, बघणारही नाहीस, त्याला काय वाटेल म्हणून मला परत बोलावलंस?"

"हो," तो म्हणाला. खरं बोलला, एवढं मान्य करते. पण त्या खरेपणाचाच मला जास्त राग आला. रिस्क वगैरे काही नव्हतंच. जंगलात बिबट्या आहे म्हणून अडवलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते.

पाच दिवस मी कामापुरतंच बोलले. टेबलावरच्या इडल्या त्या रात्री त्यानेच खाल्ल्या.

जानेवारीत मी पुन्हा गेले, त्याच चौकीवर, मुद्दाम. महिनाभर उत्तरं तयार केली होती. नवऱ्याचा नंबर देणार नाही. स्वतःच्या जबाबदारीवर जाते असं लिहून द्यायचं तर माझं नाव मी लिहीन, माझी सही मी करीन. बाटल्या घेऊन जाणारे चालतात, मी का चालत नाही? भर लॅबमध्ये सिरिंज भरता भरता हे सगळं घोकत होते. चौकीवर दुसराच माणूस होता. पेपर वाचत होता. त्याने मान वर न करता बांबू उचलला.

मी आत शिरले आणि दगडांची वाट सुरू झाली. ओढ्यापाशी उतरून सायकल खांद्यावर घ्यावी लागली. माथ्यावरून खाली खाडीची वाकडी रेघ दिसली, सुंदर होतं सगळं. आणि मला इतका राग आला होता! एक शब्द बोलायची वेळ आली नाही म्हणून.

घरी आल्यावर नवऱ्याने दारातच विचारलं, "चौकीवर काही विचारलं?"

"नाही."

"चला, बरं झालं," तो म्हणाला आणि माझ्या हातातून सायकल घ्यायला पुढे आला.

मी हँडल सोडलं नाही. "बरं काय झालं त्यात?" मी म्हटलं, आणि आमचं भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.