पाठीवरचा कागद

माझ्या पाठीवर, इस्त्रीच्या साडीला टाचणीनं कागद लावला होता. पोरं एकेक येऊन त्यावर लिहून जात होती. "हलू नका हो मावशी, अक्षर बिघडतं," माझ्या वर्गातली निलम म्हणाली. नाही हलले.

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात शिबिर होतं. पुण्याचे सर आलेले, सकारात्मक मानसशास्त्र शिकवायला. शेजाऱ्याचा चांगला गुण त्याच्या पाठीवर लिहायचा, म्हणजे माणसाला आपली ताकद कळते, म्हणाले. मला पटलं, खोटं कशाला बोलू? आता मी तिथं कशी, तर सांगते. एकवीस वर्षं मी त्याच कॉलेजात झाडू मारते. पन्नाशी उलटल्यावर तिथंच बी.ए.ला नाव घातलं. त्या दिवशी रजा टाकून बसले होते.

निलमच्या पाठीवर मी लिहिलं, 'भांडते, पण खरं बोलते.' विचार करून लिहिलं हो.

सरांनी माझा कागद काढून मोठ्यानं वाचला. "मावशी वर्ग चकाचक ठेवतात. मावशी नेहमी हसतात. मावशी कधी उलट बोलत नाहीत." शेवटचं तर चौघांनी लिहिलेलं.

गेल्या परीक्षेत मी वर्गात पहिली. नाव फळ्यावर होतं. चार दिवसांनी फळा मीच पुसला. ते कुणाला आठवलं नाही.

"बघा मित्रांनो, तक्रार नाही, कायम हसतमुख. हीच यांची ताकद. नम्रता! टाळ्या!" सर म्हणाले.

टाळ्या वाजल्या. मला काहीच वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. बर्फात ठेवलेल्या बांगडा मासळीसारखी गार उभी. गाल तेवढे दुखत होते. हात लावून पाहिलं, तर मी हसत होते.

पुढच्या खेळाला खुर्च्या गोल हव्या होत्या. चाळीस धडधाकट पोरं समोर. सर म्हणाले, "मावशी, तेवढ्या लावून घ्या ना."

मी वाकलेसुद्धा. सवय. खुर्चीला हात घातला. मग सोडला.

"सर, आज माझी रजा आहे. आज मी विद्यार्थिनी. माझी खुर्ची मी लावते, बाकीच्यांची बाकीचे लावतील."

"अहो, मनावर काय घेता? पॉझिटिव्ह राहा."

एक खुर्ची उचलली, मधोमध ठेवली, बसले. निलम खाली बघत होती.

कागद फाडला नाही. घरी आणून त्याच्या खाली माझ्या अक्षरात लिहिलं, 'यापुढं उलट बोलेन.'

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. झाडलं, पुसलं. हसले नाही. हसणं पगारात धरलेलं नाही.