चष्मेवाल्याने न वाचलेली ओळ

गल्लीतल्या चष्मेवाल्याला सगळे ‘बारीकराव’ म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं रे बसलं की ते समोरच्या तक्त्याकडे बोट दाखवायचे, “शेवटची ओळ वाचा. बारीक असली म्हणून काय झालं?” तीस वर्षांत त्यांनी ती ओळ कोणाला माफ केली नाही. आणि हाच माणूस प्रवासातल्या फोटोंच्या स्पर्धेचा अर्ज भरताना अटी न वाचताच सगळ्या चौकोनांत खुणा करून मोकळा झाला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

फोटो समुद्रकाठचा होता. मोठ्या आजारातून उठलेल्या बायकोने वाऱ्यात डोक्यावरचा रुमाल काढला होता. केस गेलेलं डोकं, मिटलेले डोळे, ओठांवर हसू. “काढा, पण आपल्यापुरता,” असं तिने बजावलं होतं. तरी बारीकरावांना मोह आवरला नाही. आपला नंबर कुठला लागतोय, अशी समजूत. लागला, पहिल्या दहांत.

निवडीच्या पत्रासोबत अटी आणि त्यांच्याच अर्जाची प्रत आली. पहिलीच अट वाचून त्यांनी कागद मिटला. फोटोचे सगळे हक्क आयोजकांचे. जाहिरातीत, फलकावर, कुठेही वापरणार. त्या दिवसापासून भिंग घासताना नजर चौकाकडे लागलेली. चौकातला फलक बदलायला कोणी शिडीवर चढलं की हे दुकान उघडं टाकून धावायचे. निघाली साबणाची जाहिरात. पण उद्याचं काय?

चौथ्या दिवशी बायकोच दुकानात डबा घेऊन आली.

“अहो, रोज डबा भरलेला परत येतोय. झालंय तरी काय?”

त्यांनी सगळं सांगून टाकलं. “अगं, फोटो मी काढला आणि माझाच हक्क गेला!”

ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. कागद मागून घेतले, सावकाश वाचले.

“हक्क तुमचा गेला म्हणता. चेहरा कोणाचा आहे?”

तिने कागद त्यांच्यापुढे धरला.

“आता ही शेवटची ओळ वाचा.”

त्यांनी वाचली. ‘फोटोतल्या व्यक्तीची संमती घेतली आहे. नसल्यास फोटो बाद होईल व वापरला जाणार नाही.’ पुढे त्यांच्याच हातची खूण. फोटो सुटत होता, पण आपण खोटं बोललो हे लिहून द्यावं लागणार होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी लिहिलं, ‘संमती घेतली नव्हती.’ खाली सही केली.

“आता विचारा,” ती म्हणाली.

“काय?”

“जे आधी विचारायला हवं होतं ते.”

त्यांनी विचारलं, “तुझा हा फोटो स्पर्धेत देऊ का?” 

“नाही,” ती म्हणाली, आणि तिने डबा उघडला.