सुमनताईंच्या चाकातली टकटक

आधीच सांगून ठेवतो – भूत, भानामती, करणी यांवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि हे लिहितानाही नाही. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतो. वाजणारी वस्तू एकतर ढिली असते, नाहीतर घासत असते, नाहीतर तुटलेली असते. तीस वर्षं सायकली दुरुस्त करून मी एवढंच शिकलो. तरीही लिहितोय... कारण मला न सापडलेला आवाज आयुष्यात एकच.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. आता माझं दुकान शहापूरला आहे. तेव्हा ते डोळखांबला होतं, एसटी थांबायची तिथून पन्नास पावलांवर, पत्र्याच्या शेडमध्ये. सुमनताई तिथल्याच. चार-पाच किलोमीटरवर रानातल्या एका पाड्यावर त्या अंगणवाडी चालवायच्या. पस्तिशीच्या, काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. त्या वाटेवर सायकल चालवणारी पहिली बाई त्याच. पदर कमरेला खोचून, मागे खाऊची पिशवी बांधून रोज सकाळी दुकानावरून जायच्या.

भातकापणी नुकती झाली होती. एका सकाळी त्या थांबल्या.

"दादा, पुढच्या चाकात कायतरी वाजतंय. बघ जरा."

"ठेवा ताई, दहा मिनिटांत काढतो."

ती दहा मिनिटं तीन आठवडे चालली.

दुकानात चाक फिरवलं – काही नाही. स्वतः बसून चक्कर मारली – काही नाही. तरी चाकाच्या आसातले छर्रे बदलले, ग्रीस भरलं, मडगार्डचे नट आवळले, एकेक स्पोक बोटाने वाजवून पाहिला. ताई घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "वाजतंय रे."

म्हटलं, चला, माझ्यासमोर चालवा. त्या सायकलवर, मी बाजूने पळतोय, कान चाकाकडे... आणि वाजलं. टक्... टक्-टक्. टक्... टक्-टक्. लाकडावर लाकूड हळूच आपटावं तसं. लोखंडाचा आवाजच नव्हता तो! मी त्यांना उतरवून स्वतः बसलो. बंद. त्या बसल्या, पुन्हा सुरू.

वजनाने पुढचं चाक धरणारा चिमटा वाकत असेल म्हणून ताईंच्या वजनाचं तांदळाचं पोतं पुढे-मागे बांधून पाहिलं. गप्प. मग टायरवर खडूने खूण केली. दोष चाकात असेल तर खूण ठरावीक जागी आली की आवाज व्हायला हवा. ताईंनी सायकल हाताने ढकलत नेली, मी वाकून बघत होतो. पहिला 'टक्' खूण वर असताना, पुढचा खाली असताना, त्यानंतरचा भलतीकडेच. त्या आवाजाचा चाकाच्या फेऱ्याशी संबंधच नव्हता. मात्र चाक जोरात फिरलं की तोही भरभर व्हायचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मला भीती वाटली नाही, राग आला. माझ्या हातातली सायकल मला वेड्यात काढते म्हणजे काय!

तिकडे पाड्यावर वेगळंच चालू झालं होतं. आवाज सुरू झाला त्याच सुमारास दोन पोरांना ताप आला होता. साधा ताप, चार दिवसांत उतरलाही. पण लोकांनी जोडायचं ते जोडलं. तिसऱ्या आठवड्यात ताई दुकानात येऊन बाकावर बसल्या.

"बावीस पोरांतली सहा उरलीत दादा. आया म्हनतात, बाईच्या चाकासंगती कोनतरी येतंय. पट असाच राह्यला तर अंगणवाडी उचलून दुसरीकडं नेतील. ह्या पोरांना दुसरीकडं कोन नेनार?"

"तुमच्या घरचे काय म्हणतात?"

"सासूबाई म्हनतात, सायकल सोड. चालत जा." त्या उठल्या. "मी नाय सोडनार. तू आवाज शोध."

त्या दिवशी मी नवी रिम, नवे स्पोक, नवा हब घेऊन आख्खं चाक स्वतः बांधलं. आऊट, म्हणजे चाकाची डगमग, इतकी बारीक काढली की केसाएवढाही फरक राहिला नाही. चाक बसवलं आणि सकाळी ताईंच्या सोबत माझ्या सायकलवर निघालो. नाका ओलांडेपर्यंत शांत होतं. पुढे रान लागलं आणि... टक्... टक्-टक्. ताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं.  

पाड्यावर पोचलो तर लोक वाटच बघत होते. पुढे धर्माबाबा, पाड्यातले सगळ्यात मोठे. स्वभावाने वाईट नव्हते, पण ठाम.

"मिस्तरी, तुजं काम नाय हे. भगताला बोलावलाय. नारळ फोडून सायकल खाली ओहोळात टाकायची."

"बाबा, अर्धा तास द्या. आवाज कुठून येतो ते सगळ्यांसमोर शोधून दाखवतो. मग खुशाल टाका."

अंगणवाडीसमोर मोहाचं झाड होतं. फांदीला दोर बांधून सायकल उलटी नाही, सरळच टांगली – चाकं जमिनीपासून हातभर वर, कशाचा स्पर्श नको. ऊन चांगलं चढलं होतं, लख्ख उजेड. ताई माझ्या शेजारी उभ्या. मी पुढचं चाक हाताने जोरात फिरवलं.

टक्... टक्-टक्. सगळ्यांना ऐकू आलं. बायका मागे सरकल्या.

मी मडगार्डला हात लावला, चिमट्याला लावला, हँडल धरलं. कुठेच कंप नाही. शेवटी दोन्ही हातांनी टायर घट्ट धरून चाक थांबवलं.

आवाज थांबला नाही.

चाक माझ्या मुठीत, स्थिर. आणि टक्-टक् चालूच... पण हळूहळू मंदावत. टक्... ... टक्... ... ... टक्. मोकळं सोडलेलं चाक जसं आपोआप संथ होत थांबतं, अगदी तसं. जणू मी धरलं होतं ते चाक वेगळंच होतं. चाळीसेक माणसं बघत उभी होती. 

धर्माबाबा म्हणाले, "पटलं?"

मी म्हणालो, "नाही. सापडलं नाही एवढंच." आवाज थोडा चिरकला असेल माझा, पण म्हणालो.

आणि तेवढ्यात ताई पुढे झाल्या. दोर सोडला, सायकल खाली घेतली.

"बाबा, ह्यानं कुनाला चावलं का? पाडलं का? ब्रेक लागतात, चाक फिरतंय, मी वेळेवर येतेय. वाजतंय तर वाजू दे! नारळ आनलाय तो द्या, पोरांच्या खाऊत घालते."

असं म्हणून त्या सायकलवर बसल्या आणि झाडाभोवती चक्कर मारू लागल्या. टक्... टक्-टक्. दुसरी चक्कर. तिसरी. तिसरीला एक चार वर्षांची चिमुरडी आईचा हात सोडवून सायकलमागे पळाली आणि तोंडाने तस्साच आवाज काढायला लागली. मग आणखी दोघं. बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. धर्माबाबांनी नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नारळ ताईंच्या पिशवीत ठेवला.

पट भरायला दोन महिने लागले, पण भरला. पुढची नऊ-दहा वर्षं ताई तीच सायकल चालवत होत्या. पाड्यावरची पोरं लांबून टक्-टक् ऐकली की स्वतःच अंगणवाडीत येऊन बसायची, हाका मारायची गरज नसे.

दोन हजार सातच्या आसपास गुडघे दुखायला लागले म्हणून ताईंनी सायकल सोडली. तोवर जीपही सुरू झाल्या होत्या. सायकल मी मागून घेतली आणि शेवटच्या छर्र्यापर्यंत खोलली, रॉकेलमध्ये धुतली, भिंगाखाली पाहिली. काहीच दोष नाही. जोडून शेजारच्या पाड्यावरच्या नव्या सेविकेला दिली. तिच्याखाली सायकल एकदाही वाजली नाही.

हे सांगायला मी ताईंकडे गेलो. दोष चाकात नाही, सायकलीत नाही, रस्त्यात नाही – सगळं तपासून झालं, म्हटलं. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि मोठ्याने हसल्या.

"मंग काय, मीच वाजत व्हते, दादा?"

याचं उत्तर मी अजून शोधतोय.  वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा, पण भूतबीत सांगू नका. तुम्ही म्हणाल तर मी हरलो म्हणेन... भूत म्हणणार नाही.