वर्ध्याच्या बाबांनी सांगितलेला नैरोबीचा रस्ता

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना टाइमपास म्हणून वाचत आलो. वाचायचं, हसायचं आणि बायकोला म्हणायचं, "बघ, शिकलेसवरलेले लोक काय काय लिहितात." त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय याची लाज वाटते... आणि खरं सांगायचं तर चीड जास्त येते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. माझ्या गोष्टीत भूत नाहीच मुळी. असतं तर बरं झालं असतं, सगळं त्याच्यावर ढकलून मोकळा झालो असतो.

मी मिलिंद. मूळचा पुण्याचा, आता नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला राहतो. गोष्ट २००६ च्या उन्हाळ्यातली. तेव्हा माझे सासरे — आम्ही त्यांना बाबा म्हणतो — वर्ध्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून रिटायर झालेले, मायाळू गृहस्थ. एकच सवय अशी की माझं डोकं फिरायचं. गाडीत पुढच्या सीटवर बसायचे आणि रस्ता सांगायचे.

"मिलिंदराव, इथून डावीकडे घ्या."

"बाबा, डावीकडे तलाव आहे."

"मग उजवीकडे घ्या, बरं का. काहून सरळ जाऊन राहिले?"

माहिती काडीची नाही, पण आत्मविश्वास असा की गाव यांनीच वसवलं. आणि हेच बाबा कॉम्प्लेक्सच्या टपालपेट्यांपर्यंत एकटे गेले, तर परतताना दुसऱ्याच्याच बिल्डिंगचं दार वाजवत बसायचे. सगळ्या बिल्डिंगी सारख्या दिसतात हे मान्य. पण एकदा शेजारच्या तमिळ कुटुंबाकडे इडली खाऊन आले आणि वर मलाच म्हणाले, "घर बदललं वाटलं मला."

जूनमध्ये आमच्या कंपनीने मला नैरोबीला पाठवलं. तिथल्या एका फोन कंपनीत आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. बरोबर ग्रेग — आमचा टेस्टिंग लीड, पन्नाशीचा, उंचापुरा, अतिउत्साही अमेरिकन. निघण्यापूर्वी ज्याला त्याला सिंहांची काळजी. अहो, आठवडाभर मी पाहिलं काय, तर कॉन्फरन्स रूम, बंद पडणारा प्रोजेक्टर आणि ट्रॅफिक. ट्रॅफिक तर अस्सं पुण्याचं की मला घरची आठवण यायची, आणि ती काही प्रेमाने नाही.

शनिवारी सुट्टी होती. माझा विचार हॉटेलवर झोप काढायचा. पण ग्रेगने ऐकलं नाही. "आपण इतक्या लांब येऊन हॉटेलचा गालिचाच बघायचा का?" त्याला शहर पाहायचं होतं, आणि तेही टूरिस्ट जातात तिथे नाही. मग म्वांगी नावाच्या टॅक्सीवाल्याला घेऊन आम्ही निघालो. बियाशारा स्ट्रीटवर कापडाची दुकानं पालथी घातली. गल्ल्यावरच्या गुजराती काकूंनी मला थेट हिंदीतच झापलं — "भाव करना है तो ठीक से करो." तिथून खाली रिव्हर रोडच्या बाजूला उतरलो. चित्रांनी भरलेल्या मटाटू गाड्या, म्हणजे तिथल्या वडापच्या, कर्कश हॉर्न, डोक्यावर गठ्ठे घेतलेली माणसं, भाजलेल्या कणसांचा धूर. ग्रेग दर दहा पावलांवर फोटो काढायला थांबे आणि मी घामाघूम होऊन त्याची बॅग धरून उभा. खोटं कशाला सांगू, शहर मला आवडायला लागलं होतं. पण ग्रेगसमोर ते कबूल करायची माझी तयारी नव्हती.

दुपारी एका छोट्या खानावळीत बसलो. ग्रेगला शेंगदाण्याची भयंकर ॲलर्जी. त्याने वाढणाऱ्या बाईंना दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा हसून मान हलवली. उगाली आली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, बरोबर हिरवी पालेभाजी. ग्रेगने भराभर खाल्लं. मी पहिला घास घेतला आणि हातच थांबला. ती चव महाराष्ट्रातल्या माणसाला कुणी सांगावी लागत नाही — दाण्याचं कूट.

"ग्रेग, थांब. खाऊ नकोस."

त्याची प्लेट रिकामी झाली होती. त्याने बॅग चाचपली. ॲलर्जीचं इंजेक्शन हॉटेलवर, दुसऱ्या जॅकेटमध्ये.

आम्ही धावत टॅक्सीत बसलो. म्वांगी म्हणाला, मोठं हॉस्पिटल फार लांब नाही. नसेलही. पण पुढच्या चौकात एक ट्रक आडवा झाला होता आणि मागे मटाटूंची भिंत. गाडी जागची हलेना. ग्रेगचे ओठ सुजले, मग डोळे. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. म्वांगीने खाली उतरून आजूबाजूला जवळच्या डॉक्टरचं विचारलं. एकाने पुढे बोट दाखवलं, दुसऱ्याने मागे.

क्लायंटच्या ऑफिसमध्ये अचिएंग नावाची मुलगी होती, नैरोबीतच वाढलेली. तिला फोन लावायचा म्हणून मी मोबाइल काढला आणि घाबरून हिरवं बटण दोनदा दाबलं. शेवटचा डायल केलेला नंबर लागला... मॉरिसव्हिलच्या घरचा. तिकडे नुकतं उजाडलं असणार. एका रिंगमध्ये बाबांनी उचलला.

"बाबा, चुकून लागला. ठेवा. मी गडबडीत आहे."

"गाडीतून उतरा," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आता हा माणूस फोनवरूनही रस्ता सांगणार. माझा तोलच गेला. "बाबा, प्लीज. इथे माणूस मरतोय. फोन ठेवा."

"उजव्या हाताला टायरचं दुकान आहे. भिंतीवर निळा हत्ती काढलाय. गाडीतून उतरा."

मी उजवीकडे पाहिलं. काळ्या टायरांची चळत, आणि तिच्यामागे पत्र्यावर रंगवलेला निळा हत्ती.

काय वाटलं ते नंतर ठरवू... तेव्हा काहीच वाटलं नाही. मी दार उघडलं, म्वांगीला हाक मारली, आणि दोघांनी ग्रेगला खांद्यांवर घेतलं. टॅक्सी तशीच रस्त्यात सोडली. फोन मान आणि खांद्यात दाबून धरलेला.

"दुकानाला लागून गल्ली आहे. आत शिरा."

होती. आत दोन्ही बाजूंना शिंपी मशिनवर बसलेले. लोक उठून वाट देत होते.

"पुढे पायऱ्या खाली उतरतात. उतरू नका. डावीकडे लोखंडी फाटक आहे."

"बाबा, कुलूप आहे."

"नुसतं अडकवलंय. ढकला."

मी खांद्याने ढकललं. कुलूप निखळून खाली पडलं आणि फाटक करकरत उघडलं. आत छोटं अंगण, वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी, आणि समोर एक वयस्क बाई पर्स खांद्याला लावून दाराला किल्ली लावत होत्या. त्यांनी ग्रेगकडे एकदा पाहिलं, पर्स खाली टाकली आणि दार पुन्हा उघडलं. फोन कधी कट झाला मला कळलं नाही.

त्या डॉक्टर होत्या. नैरोबीतच जन्मलेल्या गुजराती बाई, शनिवारचा अर्धा दिवस संपवून घरी निघालेल्या. त्यांनी मांडीत इंजेक्शन दिलं, नाकावर मास्क लावला. हळूहळू तो शिट्टीचा आवाज कमी झाला. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. ग्रेगला झोप लागल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"तुम्ही मागच्या फाटकातून कसे आलात? आमचे पेशंटसुद्धा तिकडून येत नाहीत. दवाखान्याची पाटी पलीकडच्या रस्त्यावर आहे."

"माझ्या सासऱ्यांनी सांगितलं."

"अच्छा. ते नैरोबीत कुठे असतात?"

"वर्ध्याला," म्हटलं. त्यांनी मलाही पाणी दिलं.

संध्याकाळी हॉटेलवरून घरी फोन केला. चारूने, म्हणजे माझ्या बायकोने, उचलला. मी म्हटलं, "बाबा सकाळी फोनवर बोलत होते का?"

"हो, कुणाशी तरी. मी किचनमध्ये आले तेव्हा 'नुसतं अडकवलंय, ढकला' असं म्हणत होते. मला वाटलं पॅटिओच्या दाराचं काहीतरी चाललंय. का रे? तू होतास?"

बाबांना फोन द्यायला सांगितला.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"रस्ता. टायरचं दुकान. हत्ती."

"हत्ती? असं म्हणालो का मी?" मग म्हणाले, "मला वाटलं तुम्ही भाजी आणायला गेलात न् चुकलात. जेवले का?"

आता सांगा, या माणसाचं करायचं काय?

परत आल्यावर मी पिच्छाच पुरवला. तुम्ही कधी आफ्रिकेत होतात का? नाही. पासपोर्टच मुळी या ट्रिपसाठी काढलेला. कुणी नातेवाईक, मित्र, विद्यार्थी तिकडे? नाही. टीव्हीवर काही पाहिलं? बाबा टीव्हीवर फक्त क्रिकेट बघतात. इंटरनेटवरून नैरोबीचा नकाशा प्रिंट करून पुढे ठेवला, तर तो उलटा धरून म्हणाले, "हे कोणतं गाव म्हणायचं?" ॲन आर्बरला माझा एक मित्र रिसर्च करतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, यार, स्ट्रेसमध्ये मेंदू नंतर आठवणी जुळवतो, फोनवर असं काही बोलणं झालंच नसेल. मग ते "ढकला" चारूने किचनमध्ये कसं ऐकलं? त्यावर म्हणाला, "ते मात्र इंटरेस्टिंग आहे." इंटरेस्टिंग. एवढ्यासाठी लोक पीएच.डी. करतात.

ग्रेग बरा होऊन आला आणि बायकोला घेऊन बाबांना भेटायला घरी आला. चारूने पोहे केले, अर्थात दाण्यांशिवाय. ग्रेगने बाबांचे दोन्ही हात हातात घेतले, त्याचे डोळे भरून आले. बाबा कसंनुसं हसले आणि मला म्हणाले, "यांना सांगा, पोह्यांत दाणे नाहीत, त्याबद्दल माफ करा." मी ते भाषांतर केलं नाही.

पण एक गोष्ट बदलली होती आणि ती माझ्या बरीच उशिरा लक्षात आली. बाबांनी गाडीत रस्ता सांगणं बंद केलं होतं. आधी मला वाटलं, सुटलो. नंतर ती शांतता खटकायला लागली. सिग्नलला थांबलो की ते खिडकीबाहेर बघायचे नाहीत. मांडीवरच्या हातांकडे बघत बसायचे.

त्यांचं परतीचं विमान नेवार्कहून होतं. आम्ही गाडीनेच न्यू जर्सीला गेलो. विमान रात्रीचं, म्हणून दुपारी आयसेलिनला ओक ट्री रोडवर थांबलो. चारू बहिणींसाठी साड्या बघायला दुकानात शिरली. मी आणि बाबा शेजारच्या हॉटेलात चहा घेऊन बसलो. मी या वेळी काही विचारलं नाही. विचारून थकलो होतो.

बाबाच बोलले. "मिलिंदराव, चारूला सांगू नका. ती दवाखान्यात घेऊन जाईल."

"काय झालं?"

"त्या दिवशी मी भाजीचं म्हटलं ना, ते खोटं." त्यांनी कप खाली ठेवला. "फोन वाजण्याच्या आधीच मी त्याच्यापाशी येऊन उभा होतो. का, ते माहीत नाही. उचलला, न् तोंडातून शब्द निघायला लागले. मी बोलत नव्हतो. मला काही दिसतही नव्हतं. हत्ती नाही, गल्ली नाही, काही नाही. मी नुसता ऐकत होतो माझाच आवाज. थांबवायला गेलो तर थांबेना. वाटलं, आपल्याला झटका आला. चारूची आई अशीच गेली होती ना, बोलता बोलता."

आणि तेव्हा मला आठवलं — फोनवर त्यांनी एकदाही "बरं का" म्हटलं नव्हतं. "काहून" नाही, "करून राहिले" नाही. आवाज बाबांचा, पण बोलण्याची ढब बाबांची नव्हती.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके चिडून विचारून राहिले होते. म्हटलं, याला खरंच उत्तर पाहिजे. माझ्याजवळ कुठे आहे ते?" मग म्हणाले, "माणूस वाचला, चांगलंच झालं. पण मला अजून भ्या वाटते. आता तोंड उघडलं की आधी बघतो, मीच बोलतोय ना."

मी त्यांचा हात धरला. आमच्यात असं कधी होत नाही. समोरून चारू पिशव्या घेऊन येताना दिसली, तसा त्यांनी हळूच हात सोडवून घेतला.

या सगळ्याला आता दोन वर्षं होतील. बाबा वर्ध्यात ठणठणीत आहेत, तसलं पुन्हा काही झालेलं नाही. ग्रेग आता इंजेक्शन गळ्यात अडकवूनच फिरतो. मी मिळेल ते वाचलं, इथल्या दोन डॉक्टरांना विचारलं, एका काकूंच्या आग्रहाखातर पत्रिकासुद्धा दाखवली — मी! काही हाती लागलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. फक्त "सिक्स्थ सेन्स" म्हणू नका, ते नाव झालं, उत्तर नाही झालं.

दर रविवारी आम्ही वर्ध्याला फोन करतो. चारूचं बोलून झालं की बाबा मला मागून घेतात. हवा, पाऊस, ऑफिस... आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतात, "काही सापडलं का हो?"

"नाही, बाबा."

"बरं," म्हणतात. "शोधत राहा."