मोहितेकाका आणि उपाशी बॅटरी

मोहितेकाकांची आणि माझी पहिली भेट भांडणानंच झाली. लग्न होऊन मी देवासला आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. टिफिनचा धंदा वाढला म्हणून आम्ही नव्या गल्लीत घर घेतलं. पहिल्याच सकाळी मी डबे भरून व्हॅन चालू करत होते, तर समोरच्या गॅलरीतून आवाज आला, "ओ सूनबाई, बंद करा! ती रडतेय, तुम्हाला ऐकू येत नाही?"

मला वाटलं, कुणाचं मूल रडतंय. खाली उतरून इकडेतिकडे पाहिलं. गॅलरीत बनियन घातलेला, पांढऱ्या मिशांचा, टकलाला तेल लावलेला माणूस उभा. म्हणाला, "बॅटरी हो! उपाशी आहे बिचारी. सेल्फचा आवाज ऐका. अशानं आठवड्यात मरेल."

"मरू दे! माझे डबे गार होतायत," मी फणकारले आणि निघाले. आठवड्यात बॅटरी खरोखरच मेली, तीही ऐन कारखान्याच्या फाटकात, आणि कामगारांनी धक्का मारून मला घरी पाठवलं. गॅलरीत काका हजर होतेच. "मी बोललो होतो," एवढं ते म्हणाले नसते तर फार उपकार झाले असते. पण ते म्हणाले. नंतरही महिनाभर म्हणत राहिले.

काकांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्याच्या बॅटरी रूममध्ये काढली होती. तिथं माणसाच्या कमरेएवढ्या बॅटऱ्यांच्या रांगा असत, आणि सगळ्या देवासचं बोलणं आपण पोसलं, अशी काकांची पक्की समजूत होती. "लोक फोनवर बोलायचे, वाढणारा मी होतो," असं ते ज्याला त्याला सांगत. विनय हा गुण त्यांच्या वाटेला फिरकलाच नव्हता. गल्लीतली कुठलीही गाडी चालू झाली की ते चहाचा कप खाली ठेवून कान द्यायचे आणि निकाल जाहीर करायचे. कुठल्याही यंत्राजवळ गेले की आधी त्याला हाताची पाठ लावून बघायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. आमच्या फ्रिजला लावली, मिक्सरला लावली, एकदा तर बँकेतल्या पैसे मोजायच्या मशीनला लावली आणि शिपायाच्या शिव्या खाल्ल्या.

त्यांच्या म्हणीही त्यांच्याच होत्या. "बॅटरीला उपास घडवू नये आणि अजीर्णही होऊ देऊ नये." "बॅटरी आणि पाहुणा, दोघांना विचारून वाढावं." आणि सगळ्यांत लाडकी, "तार जाड, झोप गाढ." बारीक तार तापते, जळते, माणसाची झोप उडवते, म्हणून. ही म्हण ते लग्न जमवतानाही वापरत. मुलाकडचे लोक चांगले असले की म्हणायचे, "द्या मुलगी, तार जाड आहे."

आता ताईआत्याबद्दल सांगते. ती माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. तिचं सासरही देवासचंच. एकटी पडल्यापासून ती आमच्याकडेच असते. चुलीच्या धुरानं तिची फुफ्फुसं गेली, तेव्हापासून नाकाला नळी आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन. मशीनला वीज लागते, म्हणून आत्या घराबाहेर पडेना. अण्णा धारला, माझ्या भावाकडे. मांडीचं हाड मोडल्यापासून तेही खाटेवर. आत्या लहानपणापासून दर दसऱ्याला अण्णांच्या हातात सोनं द्यायची, लग्नानंतर धारला जाऊन, कधी चुकलं नव्हतं. आता ओळीनं दोन दसरे चुकले होते.

सिलिंडर घेऊन जा, असं सगळे सांगत. पण आत्याचे यजमान दवाखान्यात सिलिंडरजवळच गेले. "त्या नळकांड्याबरोबर मी माझ्या भावाच्या दारात जाणार नाही. अपशकुन तो," म्हणायची. डॉक्टर म्हणाले, मशीन गाडीत नीट चालत असेल तर जा, पण बंद पडलं तर तिथूनच माघारी फिरायचं. आणि तिच्या नकळत सीटखाली एक छोटा सिलिंडर ठेवा. तो मी तांदळाच्या पोत्यात गुंडाळून ठेवला.

हे काकांच्या कानावर गेलं आणि ते पायात चपला न घालताच आले. "सूनबाई, गाडीची एक बॅटरी गाडीची. ताईंना त्यातलं वाढलं तर गाडी उपाशी मरेल. दुसरी बसवू. मोठी. मागच्या सीटखाली."

"पण दोन बॅटऱ्या एका गाडीत?"

"का? एका घरात दोन सुना नांदत नाहीत? फक्त मधे एक शहाणी सासू लागते." ही सासू म्हणजे एक रिले. इंजिन चालू असेल तर ती दोन्ही बॅटऱ्यांना वाढते, इंजिन बंद झालं की मधलं दार लावून घेते, म्हणजे मशीननं कितीही खाल्लं तरी गाडी चालू करायची बॅटरी भरलेलीच राहते. दुसऱ्या बॅटरीवर इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरवर आत्याचं मशीन. हे मला इतकं लवकर समजलं याचं काकांना थोडं वाईटच वाटलं, कारण त्यांना अजून अर्धा तास बोलायचं होतं.

नवरात्रात गल्लीला दुसरा विषय नव्हता. येणारा-जाणारा वाकून व्हॅनमध्ये बघायचा. "भिया, ये क्या बन रिया है?" कुणी विचारलं की काका डोकं बाहेर न काढता म्हणत, "ताईंचं माहेर बन रिया है." आत्या ओट्यावर नळी लावून बसायची, सुपारी कातरायची आणि उगीच सूचना द्यायची. तीन वर्षांत ती एवढी बोलली नव्हती. नवीन लुगडं घडी घालून ठेवलं होतं, अण्णांसाठी लिंबाचं गोड लोणचं घातलं होतं. मला तिच्याकडे बघून धडकीच भरायची. हे फसलं तर?

आणि पहिली चाचणी फसलीच. मशीन थोडा वेळ चाललं आणि कोकलायला लागलं. काकांनी तारेला हाताची पाठ लावली आणि झटकन मागे घेतली. दुकानदारानं गळ्यात मारलेली तार बारीक होती. जाड तार इंदूरहून मागवली, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. मी म्हटलं, आत्ताच जोडून टाका. काका म्हणाले, "डोळ्यांना दिसत नाही आता. उद्या अष्टमी आहे, आख्खा दिवस आपला. परवा नवमीला हत्यारं बसतील, तेरवा दसरा, निघायचं. काय को टेंशन लेती?"

इथं हत्यारांचं सांगायला हवं. मोहित्यांचे पूर्वज धारच्या दरबाराबरोबर दक्षिणेतून आले, तलवारबहाद्दर. तलवार कधीच गेली, पण खंडेनवमी राहिली. त्या दिवशी काकांच्या घरी पाने, पकडी, मीटर, ॲसिड मोजायची काचेची नळी, सगळं पाटावर मांडून पूजा व्हायची. एकदा हत्यार बसलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. साधा खिळा ठोकायचा नाही. काकांचे वडील एकदा नवमीला कुलूप अडकलं तर दिवसभर अंगणात बसून राहिले होते, ही गोष्ट काका अभिमानानं सांगत.

सकाळी मी गेले, तर काका पंचा गुंडाळून न्हाणीतून बाहेर आलेले आणि पाटासमोर पुतळ्यासारखे उभे. पाटावर सगळी हत्यारं. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, मीटरवर अक्षता.

"हे काय केलंस?" त्यांनी काकूंना विचारलं.

"काय म्हणजे? आज नवमी. हत्यारं बसवली."

"आज अष्टमी आहे!"

"यंदा अष्टमी-नवमी एकाच दिवशी, उद्याच दसरा. पंचांग भिंतीवर टांगलंय, त्यात बघायचं असतं."

काका म्हणाले, "मला कधी पंचांग बघावं लागलं नाही." आणि पाटासमोरच मटकन खाली बसले. 

माझं डोकं फिरलं. उद्या पूजा उठल्यावर तार जोडायची, तर मशीन तपासायचं कधी आणि निघायचं कधी? "काका, एका पकडीसाठी माझ्या आत्याचा दसरा बुडवणार तुम्ही? पक्कड काय माणसापेक्षा मोठी आहे?"

"सूनबाई," काका खालच्या आवाजात म्हणाले, "तलवार गेली आमची. पक्कडच राहिली. ती आज उचलली तर मग राहिलं काय?" त्यांचे डोळे भरले होते. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली आणि रागही तसाच राहिला.

समोरच्या ओट्यावरून आत्या सगळं ऐकत होती. तिथूनच काकांना म्हणाली, "राहू दे रे गणपतराव. बसलं म्हणजे बसलं. मी अण्णाला फोनवर नमस्कार करीन." आणि कातरलेली सुपारी डब्यात भरायला लागली. 

त्या क्षणी काकू तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि लोखंडी खलबत्ता आणून काकांच्या पुढ्यात दाणकन ठेवला. "हे घ्या. हा माझ्या माहेरचा. ह्याच्यावर तुमच्या मोहित्यांचा हक्क नाही आणि मी ह्याला बसवलेलाही नाही."

काकांनी खलबत्त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "सूनबाई, तुमच्याकडे नवमीला काय बसतं?"

"आमच्याकडे दसऱ्याला वह्या-पुस्तकं मांडतात. सरस्वती."

"म्हणजे तुझ्या गाडीच्या जॅकबरोबरचे पाने मोकळे आहेत!" काका एकदम ओरडले. मिशा पुन्हा वर झाल्या. "आणि ताई, तो अडकित्ता इकडे करा!"

मग त्या दिवशी जे काम झालं ते कुठल्या गॅरेजमध्ये झालं नसेल. आत्याच्या अडकित्त्यानं तारेचं प्लॅस्टिक सोललं. तारेचं टोक तांब्याच्या टोपीत घालून खलात धरलं आणि काकूंनी वरून बत्ता घातला. काका ओरडत होते, "चटणी नाही वाटायची! ठोक, भिया, ठोक!" माळव्यात सगळेच भिया, तसे काकूंनाही ते भियाच म्हणत. नट आवळले माझ्या पान्यांनी आणि माझ्याच हातांनी, कारण काका म्हणाले, पाना तुझा, हात तुझा, मी फक्त बोलणार. बोलायला त्यांना कोणती पूजा आडवी येत नव्हती.

मीटर पाटावर बसलेलं, त्यामुळे तपासायचं कसं? मशीन लावून ठेवलं आणि काका सीटखाली आडवे झाले. थोड्या थोड्या वेळानं तारेला हाताची पाठ लावायचे. दुपार झाली, मशीन चालूच. शेवटी आतून आवाज आला, "गार आहे! तार जाड, झोप गाढ!" ओट्यावर आत्या पदरानं डोळे पुसत हसत होती. काकूंचा खलबत्ता रात्रीच्या लसणीच्या चटणीला परत गेला, त्या चटणीला तांब्याचा वास येतो असं काका उगीचच म्हणत होते.

दसऱ्याला पहाटे उत्तरपूजा झाली. काकांनी पहिलं मीटर उचललं, दोन्ही बॅटऱ्यांना लावलं आणि आकडा बघून असं काही हसले, जणू लढाईच जिंकली. काकूंना तिथूनच हाक मारून आकडा सांगितला. इंदूरच्या गर्दीत आम्ही अडकलो, तेव्हा काका मागच्या सीटवर आत्याशेजारी मशीनला कान लावून बसले होते. तांदळाच्या पोत्याची गरज पडली नाही.

धारला पोचल्यावर मशीन आत नेलं, पण काकांनी घरच्या विजेला ते जोडू दिलं नाही. व्हॅन खिडकीपाशी लावली, खिडकीतून वायर आत घेतली आणि स्वतः व्हॅनमध्येच बसले. "तुम्ही जेवा. इथं मी बॅटरीचं जेवण बघतो."

आत्या खाटेजवळ गेली. आपट्याची पानं अण्णांच्या हातात दिली. वाकता येईना, तशी त्यांचा हातच कपाळाला लावला.

अण्णा पानांकडे बघत म्हणाले, "दोन वर्षं उशीर झाला सोन्याला."

"वाटेत तार बारीक होती," आत्या म्हणाली. आणि दोघंही लहान पोरांसारखी हसली आणि रडली. मीही रडले, त्यात काय लपवायचं?

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, स्वयंपाकघरात पुऱ्या तळणारी वहिनी वैतागली. कोपऱ्यातलं मशीन आपलं संथ घुरघुरत होतं. दोघं भावंडं चिंचेच्या झाडावरून कोण पडलं होतं यावर भांडत होती, त्यांच्या लक्षातही आलं नाही. खिडकीत काकांचं टक्कल उगवलं.

"काय गेलं?"

"लाईट गेली, काका."

"तुमची गेली असेल," काका म्हणाले. "आमची आहे."

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. सकाळी गॅलरीत चहा पिता पिता, कप खाली ठेवून, कुणाची तरी गाडी ऐकत. आम्ही धावलो तेव्हा मान एका बाजूला तशीच कललेली होती, कान दिल्यासारखी. गल्लीत कितीतरी दिवस गाडी चालू करताना प्रत्येक जण वर बघायचा. मी अजून बघते.

नवमीला काकूंनी मला बोलावलं. मी म्हटलं, "काकू, यंदा वर्षभर सण नाही ना करायचा?"

"लोक म्हणतात तसं. म्हणून हत्यारं उपाशी ठेवू?" त्यांनी पाट मांडला होता. पाने, पकडी, मीटर, सगळं जागच्या जागी. आणि मधोमध, सगळ्यांत जास्त फुलं वाहिलेला, लोखंडी खलबत्ता.

"आणि चटणी?"

"मिक्सरमध्ये वाटीन. आज त्याला हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. "उद्या उचलायला तू ये. ताईंना न्यायचंय ना धारला? तपासून घे गाडी, नाहीतर हे वरून ओरडतील."

दसऱ्याला पहाटे मी मीटर उचललं. आकडा बरोबर होता. तरी राहवेना, म्हणून थोडा वेळ मशीन चालवलं आणि सीटखाली वाकून त्या खलबत्त्यात ठोकलेल्या जोडाला हाताची पाठ लावली. गार होता.

"तार जाड," मागून आत्या म्हणाली, नव्या लुगड्यात तयार होऊन.

काकू फाटकात उभ्या होत्या. त्यांनी रिकाम्या गॅलरीकडे पाहिलं.

"झोप गाढ," त्या म्हणाल्या, आणि लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली.