पकडताई आजी झाल्या

पकडताई हे नाव ऐकून पुष्कळांना वाटायचं, बाई पोलीस खात्यात असणार. प्रत्यक्षात त्या एका मोठ्या प्रसूती रुग्णालयात, लिफ्टच्या शेजारच्या खोलीत बसायच्या आणि नव्या आयांना बाळाला पाजायला शिकवायच्या. बाळाने तोंड केवढं उघडलंय, ओठ बाहेर वळलेत की आत दुमडलेत, हनुवटी टेकलीय की नाही, ह्या सगळ्याला मिळून त्या ‘पकड’ म्हणत. खोलीत येणारी बाई खुर्चीत नीट टेकते न टेकते तोच विचारत, "हं, पकड बघू." झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांनी ते नाव उचललं, आणि दारावरच्या पाटीवर लिहिलेलं खरं नाव वाचायची तसदी मग कोणी घेतली नाही.

तरुणपणी त्या तिथेच परिचारिका होत्या. सलाइन, ताप, टाके, औषधं, प्रत्येक कामाला कोणीतरी नेमलेलं असे. पाजायचं काम मात्र कोणाचंच नव्हतं. आईला ते आपोआप जमतं, असं सगळे धरून चालत; ज्यांना जमत नसे त्या पडद्याकडे तोंड करून रडत. पकडताईंना ह्याचं नवल वाटे, कारण त्यांची स्वतःची मुलगी झाली तेव्हा त्यांना काडीचाही त्रास झाला नव्हता. नवल वाटलं म्हणून त्या बघायला लागल्या, बघता बघता वाचायला लागल्या, मग रीतसर शिक्षण घेऊन परीक्षा दिली आणि रुग्णालयाच्या मागे लागून ती खोली मिळवली. तोवर तिथे मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवलेल्या असत.

खोलीत फार काही नव्हतं. बिनहातांची एक रुंद खुर्ची, पायाखाली घ्यायला बुटकं स्टूल, लहानमोठ्या उशा आणि लोकरीने विणलेला एक स्तन. तो त्यांनी समजावून सांगायला स्वतः विणला होता. विणकाम चालू असताना त्यांच्या नवऱ्याने तो उचलून डोक्यावर चढवला होता आणि "थोडी घट्ट होतेय गं," असं म्हटलं होतं. नवरा गाडी चालवायला शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि त्याला कशाचीही भीती वाटायची बंद झालेली होती.

काम करताना पकडताई हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. बाळाचं डोकं धरून ते आईच्या अंगाशी दाबणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच. "माझे हात घरी जाणार नाहीत तुझ्याबरोबर," त्या आयांना सांगत, "तुझे जाणार. तेव्हा तूच कर, मी बघते." पहिल्यांदा त्या आईची पावलं बघत. बोटं आवळलेली असली की समजायचं, दुखतंय आणि बाई सांगत नाहीये.

एकदा एक बाई ओशाळून आली. तिला चालू असलेल्या औषधांमुळे अंगावर पाजता येणार नव्हतं. "मी उगाच तुमचा वेळ घेतेय," ती म्हणाली. पकडताईंनी तिला त्याच खुर्चीत बसवलं, त्याच उशा दिल्या आणि बाटली कशी आडवी धरायची, बाळाला मधे मधे दम कसा खाऊ द्यायचा ते शिकवलं. "बाटलीलाही पकड असते बाई," त्या म्हणाल्या, "आणि मांडी तर तीच असते." ती बाई हसत बाहेर पडली. अशा बायका शहरभर होत्या. बाजारात, दवाखान्यात, बसच्या रांगेत कोणीतरी एखादं वाढलेलं पोर पुढे ढकलून म्हणायचं, "ताई, ओळखलंत का? हा तुमचा."

मग त्यांच्या मुलीला दिवस गेले.

मुलगी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायची, हुशार आणि मोजकं बोलणारी. बाळंतपण तिने दुसऱ्या रुग्णालयात ठरवलं. "तुझ्याकडे नको गं आई. तिथे मी म्हणजे पकडताईंची मुलगी. कळा देतानासुद्धा लोक मार्क देतील मला." पकडताई हसल्या. त्यांना त्यात हसण्यासारखंच काहीतरी दिसलं.

नात झाली. गोरीपान, डोक्यावर काळंभोर जावळ, आवाज खणखणीत. मुलगी आपल्या घरी गेली आणि पकडताई काम संपवून रोज संध्याकाळी तिच्याकडे जायला लागल्या. गंमत अशी, की त्या कधीही पोचल्या तरी बाळ नुकतंच प्यायलेलं असायचं. "आत्ताच झालं बघ," मुलगी म्हणायची. कधी "आत जाते जरा," म्हणून दार लावून घ्यायची. पकडताई बाहेर बसून जावयाशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायच्या. मनात कुठेतरी खुट्ट व्हायचं, पण आपलीच मुलगी आहे, काही असतं तर बोलली असती, असं म्हणून त्या ते बाजूला सारायच्या.

एक दिवस रुग्णालयातली सभा रद्द झाली, म्हणून त्या भरदुपारी मुलीच्या घरी गेल्या. दार जावयाने उघडलं. उंच, सरळ साधा माणूस. एका हातावर बाळ, दुसरा हात पाठीमागे. आणि चेहरा असा, की शाळेमागे सिगरेट ओढताना सापडला असावा.

"काय लपवताय?" पकडताई म्हणाल्या.

"काही नाही आई. या ना. बसा."

बाळाने तोंड उघडून भोंगा लावला आणि बिचाऱ्याचा नाइलाज झाला. पाठीमागचा हात पुढे आला. हातात बाटली होती, पावडरच्या दुधाची.

मुलगी आतून आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. "कळवून का नाही येत तू?" ती म्हणाली, आणि मग आवाज चिरकला. "बघितलंस ना? झालं? सगळ्यांना सांगत फिरतेस, माझी मुलगी जन्मल्याबरोबर शिकून आल्यासारखी प्यायला लागली. माझी नाही आली शिकून! तिला तोंडात धरताच येत नाही. मला चिरा पडल्यात. आणि हे मी कोणाला सांगणार होते? तुला?"

ती गोष्ट पकडताई खरंच सगळ्यांना सांगायच्या. लग्नात, बारशात, व्याख्यानात. लोक हसायचे, मुलगीही हसायची.

त्या क्षणी त्यांनी तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. "बस तू," त्या म्हणाल्या. "उशी घे. पाय वर. पकड बघू." मुलगी थकून गेली होती, म्हणून बसली. बाळाला जवळ घेतलं. बाळ दोनदा चाचपडलं, घसरलं आणि लालबुंद होऊन किंचाळायला लागलं. मुलीचे खांदे कानापर्यंत गेले, पायाची बोटं आवळली. आणि पकडताईंचे जन्मभर पाठीमागे बांधलेले हात आपसूक पुढे गेले. त्यांनी नातीचं डोकं धरलं आणि दाबलं.

"आई," मुलगी म्हणाली, अगदी हळू. "हात काढ."

त्यांनी हात काढला. जावयाने बाळ घेतलं, बाटली दिली. खोलीत फक्त बाळाच्या गिळण्याचा आवाज. पकडताईंनी पर्स उचलली, "येते," म्हणाल्या आणि घरापर्यंत पायी गेल्या. बसचा थांबा वाटेत लागला तोही त्यांना दिसला नाही.

मास्तर घरी फुलझाडांना पाणी घालत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझंच चुकलं," पकडताई म्हणाल्या. "उद्या जाऊन तिला नीट शिकवते. पहिल्यापासून. शांतपणे."

"अगं, तिला गाडी कोणी शिकवली?"

"गाडीचं काय मधेच?"

"सांग ना. कोणी शिकवली? मी? अख्ख्या गावाला शिकवली मी. पोरीला घेऊन बसलो तर पहिल्याच वळणावर मी ओरडलो, ती रडली, आणि गाडी कुंपणात. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरकडे पाठवली. माझा धंद्यातला वैरी तो! आठवड्यात शिकली."

मास्तरांनी झारी खाली ठेवली. "परक्याने चूक काढली की चूक असते गं. आपल्या माणसाने काढली की ती नालायकी वाटते."

बराच वेळ विचार करून पकडताईंनी छोटीला फोन केला. छोटी म्हणजे त्यांच्याच हाताखाली तयार झालेली तरुण सल्लागार. पलीकडच्या वस्तीत तिचं स्वतःचं केंद्र होतं, आणि आपल्या बाईंशी वाद घालायला ती कधी कचरत नसे.

"जाते मी, ताई," छोटी म्हणाली. "तिने बोलावलं तर. पण एक अट. काय झालं, काय सांगितलं, हे तुम्ही मला विचारायचं नाही. खोलीतलं खोलीत, हे तुमच्याकडूनच शिकलेय."

"मी कशाला विचारीन?" पकडताई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मास्तरांकडे बघून चिडून म्हणाल्या, "माझंच मला शिकवते!"

मग त्यांनी मुलीला निरोप लिहिला: ‘माझं चुकलं. छोटी चांगली आहे, तुला हवी असेल तर बोलाव. मी उद्या येईन ती नुसती आजी म्हणून. काही बघणार नाही.’ उत्तरात मुलीने एवढंच लिहिलं, ‘ये.’

नुसती आजी होणं त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं. त्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहायच्या, दुपट्यांच्या घड्या घालायच्या, घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायच्या. छोटी येऊन जायची, जाताना "येते ताई," म्हणायची, आणि चेहऱ्यावर एक रेघ हलू द्यायची नाही. पकडताईंच्या जिभेवर प्रश्न यायचा आणि त्या चहा पिऊन तो गिळायच्या. जावयाशी मात्र ह्या निमित्ताने त्यांची गट्टी जमली. तो ढेकर काढण्यात इतका तरबेज झाला होता, की बाळ खांद्यावर टाकून बोट न लावता नुसतं चालून दाखवायचा. "ह्याचा क्लास काढा," पकडताई म्हणाल्या. "फी घ्यायला मास्तरांना ठेवा."

एकदा भांडी आवरताना त्यांना नळापाशी वाटीत उपडी ठेवलेली एक पारदर्शक वस्तू दिसली. सिलिकॉनची पातळ टोपी. आईने स्तनाग्रावर लावायची, म्हणजे बाळाला तोंडात धरायला काहीतरी ठळक मिळतं. पकडताईंचा ह्या टोपीवर भारी राग. वर्गात त्या तिला पळवाट म्हणत, आणि ह्याच टोपीवरून छोटीशी त्यांचं भर सभेत वाजलं होतं. त्या तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून, बंद दारामागून आवाज आला. आधी भराभर, मग संथ. ओढणं, गिळणं, श्वास. ओढणं, गिळणं, श्वास. हा आवाज त्यांनी इतका ऐकला होता, की झोपेतही ओळखला असता. पण टोपीशिवाय बाळाला अजून धरता येत नसणार, मग ही इथे कशी? म्हणजे टोप्या दोन आहेत. एक वापरात, एक धुवायला.

त्यांनी गरम पाणी केलं, टोपी साबणाने हलक्या हाताने धुतली, खळबळली, स्वच्छ फडक्यावर वाळत ठेवली. मागे वळल्या तर दारात मुलगी उभी. बाळ तिच्या खांद्यावर गाढ झोपलेलं, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब.

"रागावली नाहीस?" मुलीने विचारलं.

"कशाला रागावू? भांडं होतं, धुतलं."

मुलगी हसली. किती दिवसांनी. बाळाला बापाकडे देऊन ती आईच्या गळ्यात पडली आणि तिच्या खांद्यावर मनसोक्त रडली. ह्या वेळी पकडताईंनी तिला घट्ट धरलं आणि एक अक्षर बोलल्या नाहीत.

पुढे चिरा भरल्या. टोपीची गरज हळूहळू सुटली. दिवसातून एखादी बाटली राहिली ती राहिलीच, कारण बाबाला आपला हक्क सोडायचा नव्हता. छोटीने काय काय केलं, हे पकडताईंना आजतागायत पूर्ण कळलेलं नाही. फक्त एका सभेत टोपीचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "काही जणींना उपयोग होतो. बघून द्यावी." छोटी समोर बसून वहीत मान घालून हसत राहिली.

एका रविवारी सकाळी मुलगी म्हणाली, "आई, आम्ही दोघं जरा फिरून येतो. दूध काढून ठेवलंय. तू देशील?"

"मी?"

"नाही जमणार का?"

पकडताईंनी शेकडो बापांना, आज्यांना, मावश्यांना बाटली धरायला शिकवलं होतं. स्वतः मात्र कधी कोणाला दिली नव्हती. कामात हात मागे आणि घरी गरज पडली नव्हती. खिडकीपाशी बसून त्यांनी नातीला मांडीवर तिरकी घेतली, बाटली आडवी धरली. नातीने बाटलीचं निपल तोंडात घेतलं, दोन घोट ओढले आणि मग डोळे उघडून थेट त्यांच्याकडे बघितलं. पिताना, एकटक, भुवया थोड्या वर करून, कोण बरं ही, असं. इतकी वर्षं कामावर त्यांनी पिणारी बाळं बाजूने बघितली होती, वरून बघितली होती, गालाचा फुगवटा आणि जबड्याची हालचाल बघितली होती. पिताना बाळ बघत होतं ते कायम दुसऱ्या कोणाकडे तरी.

मास्तर बाजूला येऊन उभे राहिले. "पकड बरोबर आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"गप्प बसा," पकडताई म्हणाल्या. "ती माझ्याकडे बघतेय."