एक्सरच्या दगडावरच्या बोटी

परवा नव्या सुनेला घेऊन बोरिवलीतल्या एक्सरच्या वीरगळांपाशी गेले. वीरांच्या आठवणीचे हे जुने कोरीव दगड गावात देव म्हणूनच पुजतात. तेलाच्या आणि झेंडूच्या त्या वासाने मी पुन्हा नवी नवरी झाले.

तेव्हा सासूबाईंनी मला इथेच देवाच्या पाया पडायला आणलं होतं. वाकले, तर दगडावर बोटी, वल्ही, तलवारी! "अहो आई, हा देव कुठला? ही तर लढाई चाललीय!" मी सगळ्यांदेखत बोलून गेले. वाटलं, लागली वाट.

सासूबाई शेजारी उकिडव्या बसून निरखू लागल्या आणि खो खो हसत सुटल्या. "अगं बाई, इतकी वर्षं मी डोळे मिटूनच नमस्कार केला की!" मग आम्ही दोघी एकमेकींना वल्हेकरी दाखवत बसलो, नवरदेव उन्हात ताटकळले.

आता सुनेनेही हात जोडून डोळे मिटले. मी तिला हळूच कोपर मारलं. "डोळे उघड गं. आपल्याकडे इथे बघून नमस्कार करतात."